हलकं रिव्हॉल्व्हर, मोठा बोअर आणि कोल्हापूर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नेमबाजीच्या रेंजवर येणाऱ्या नवख्या माणसांचे प्रश्न ठरलेले असतात. कुणी गुजरीतला सराफ असतो, कुणी बांधकाम व्यावसायिक, कुणी आठवड्याला मजुरांचा पगार रोखीनं वाटणारा ऊसतोडणी मुकादम. मोबाईलवर अमेरिकेतला एखादा व्हिडिओ पाहिलेला असतो आणि पहिलं वाक्य असतं, "सर, एकदम हलकं पण दणकट काहीतरी सांगा." या दोन गोष्टी एकमेकींच्या मुळावर उठलेल्या आहेत, हे समजावण्यातच आमची निम्मी शिकवणी जाते. नेहमीचे प्रश्न इथं एकत्र केले आहेत.

हलकं म्हणजे नेमकं किती हलकं?

मोठ्या बोअरचं पूर्ण पोलादी रिव्हॉल्व्हर साधारण किलोभर भरतं. १९५० च्या दशकात अमेरिकेत कोल्ट आणि स्मिथ अँड वेसन या कंपन्यांनी ॲल्युमिनियमच्या फ्रेमची छोटी रिव्हॉल्व्हर काढली, तेव्हा वजन सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास आलं. पुढं टायटॅनियमचा सिलिंडर (काडतुसं बसतात ती फिरती चक्री) आला आणि २००० च्या सुमारास ॲल्युमिनियममध्ये किंचित स्कँडियम मिसळलेली फ्रेम आली. स्मिथ अँड वेसनचं ३४० पीडी हे .३५७ मॅग्नमचं, म्हणजे जास्त जोराच्या काडतुसाचं, रिव्हॉल्व्हर रिकामं असताना जेमतेम ३३५ ग्रॅम भरतं. त्यांचंच ३२९ पीडी .४४ मॅग्नमचं असून साधारण ७१० ग्रॅम आहे. दुसरा आकडा मोठा वाटेल, पण ते काडतूस पाहता तो फारच कमी आहे.

आणि मोठा बोअर म्हणजे?

बोअर म्हणजे नळीच्या आतल्या भोकाचा व्यास, आणि .३५७ सारखे आकडे साधारण इंचातले. .३५७ ची गोळी सुमारे ९ मिलिमीटर जाडीची, .४४ ची जवळपास ११ मिलिमीटरची. आपल्याकडं घरोघरी माहीत असलेली .३२ ची गोळी ८ मिलिमीटरला थोडी कमी. पण आपल्या देशात बोअरचा प्रश्न मिलिमीटरपेक्षा कायद्याचा जास्त आहे. ९ मिमी पिस्तूल, .३८, .४५५ आणि .३०३ हे प्रतिबंधित बोअरमध्ये धरले जातात. जिल्ह्याचा साधा परवाना त्यांना चालत नाही. सामान्य नागरिकाच्या वाट्याला मुख्यतः .३२ आणि .२२ येतात.

मग ते ३४० पीडी कोल्हापुरात मिळेल का?

नाही. खासगी वापरासाठी हँडगनची आयात १९८० च्या दशकाच्या मध्यापासून बंद आहे. नामांकित नेमबाजांना स्पर्धेच्या हत्यारांसाठी सवलत आहे, पण स्वसंरक्षणाचं रिव्हॉल्व्हर त्या वाटेनं येत नाही. बंदीच्या आधी आलेली जुनी परदेशी हत्यारं परवानाधारकांत हस्ते-परहस्ते फिरतात आणि त्यांचे भाव ऐकून माणूस गप्प बसतो. असं काही हाताशी आलं, तर तो बोअर तुमच्या परवान्यावर चढतो का हे आधी शस्त्र परवान्याच्या टेबलावर विचारा, मगच विसार द्या.

इथं हलक्यात काय आहे?

कानपूरच्या आयुध निर्माणीनं २०१४ मध्ये "निर्भीक" काढलं. टायटॅनियम मिश्रधातूचं, .३२ चं, वजन ५०० ग्रॅम. दिल्लीच्या निर्भया प्रकरणानंतर महिलांसाठी म्हणून त्याचा गाजावाजा झाला, पण किंमत होती १ लाख २२ हजार ३६० रुपये. त्या पैशात कुठली नोकरदार मुलगी ते घेणार होती, हा प्रश्न तेव्हाही लोकांनी विचारला आणि तो बरोबर होता. पुढं इशापूरच्या कारखान्यानं "नीडर" आणलं, .२२ चं आणि फक्त २५० ग्रॅमचं. २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ मोडून सात सरकारी कंपन्या झाल्या. त्यातल्या कानपूरच्या कंपनीनं ऑगस्ट २०२३ मध्ये "प्रबल" बाजारात आणलं. .३२ चंच, वजन ६७५ ग्रॅम, आणि सिलिंडर बाजूला उघडतो, म्हणजे जुन्यासारखी नळी खाली मोडून भरावं लागत नाही. खासगीत वेब्ली अँड स्कॉटच्या नावाचं .३२ रिव्हॉल्व्हर उत्तर प्रदेशात हरदोई जिल्ह्यात बनतं. किंमत विचारताना कर धरूनच विचारा. सप्टेंबर २०२५ पासून रिव्हॉल्व्हर-पिस्तुलांवरचा जीएसटी २८ वरून ४० टक्के झाला आहे.

वजन कमी झालं की धक्का किती वाढतो?

हिशेब सोपा आहे आणि तो चुकवता येत नाही. गोळी आणि जळलेल्या दारूचा वायू जेवढा रेटा पुढं घेऊन जातात, तेवढाच मागं हातात येतो. रेटा तोच ठेवून हत्याराचं वजन निम्मं केलं तर मागं येण्याचा वेग दुप्पट होतो, आणि हाताला सोसावी लागणारी ऊर्जाही दुप्पट होते.

ढोबळ आकडे घ्या. .३५७ मॅग्नमची १० ग्रॅमची गोळी सेकंदाला ३५० मीटर वेगानं सुटली, तर किलोभराच्या रिव्हॉल्व्हरला साधारण १० ज्यूल मागं मिळतात. तेच काडतूस ३४० पीडीत घाला, भरलेलं वजन ४१० ग्रॅम धरा, आणि आकडा २५ च्या घरात जातो. याउलट "निर्भीक"मध्ये .३२ चा बार काढला तर जेमतेम दोन ज्यूल. म्हणजे "हलकं आहे, जपून" हा इशारा .३२ च्या बाबतीत फारसा लागू नाही. तो मॅग्नमवाल्यांसाठी आहे.

धक्क्यानं नुसता हात दुखतो असं नाही. मूठ सरकते, नळी वर उडते, दुसऱ्या बाराआधी सगळं पुन्हा जुळवावं लागतं. अंगठ्याच्या बेचक्यातली कातडी सोलवटते. आणि तिसऱ्या-चौथ्या बारापासून माणूस चाप ओढायच्या आधीच दचकायला लागतो. ही सवय एकदा लागली की महिनोन्महिने जात नाही.

धक्क्यानं काडतुसं बिघडतात असं ऐकलं, खरं आहे का?

खरं आहे. हलकं रिव्हॉल्व्हर जोरात मागं येतं तेव्हा न उडालेल्या काडतुसाची पितळी पुंगळी मागं खेचली जाते, पण वजनदार गोळी जागीच राहू पाहते. घट्ट आवळलेली नसेल तर ती पुंगळीतून पुढं सरकते. थोडी जास्त सरकली की सिलिंडरच्या तोंडाबाहेर डोकावते, फ्रेमला अडते आणि चक्री फिरायची थांबते. "रिव्हॉल्व्हर कधी अडकत नाही" असं छातीठोक सांगणाऱ्यांना हे माहीत नसतं.

तपासायची रीत अशी: सिलिंडर पूर्ण भरा, एक सोडून बाकीचे बार काढा. उरलेलं काडतूस बाहेर काढून व्हर्नियरनं लांबी मोजा आणि ती त्याच पाकिटातल्या ताज्या काडतुसाशी ताडून बघा. लांबी वाढली असेल तर ती काडतुसं त्या हत्यारात वापरू नका. ३४० पीडीच्या नळीवर कंपनीनं १२० ग्रेनपेक्षा (पावणेआठ ग्रॅमपेक्षा) हलकी गोळी वापरू नका असं कोरूनच ठेवलंय, पण त्याचं कारण वेगळं: टायटॅनियमचा सिलिंडर झिजू नये म्हणून.

एवढा त्रास असेल तर लोक हलकं घेतात कशाला?

कारण ते दिवसभर बाळगायचं असतं, आणि चालवायची वेळ बहुतेकांवर आयुष्यात येत नाही. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत लोक ते पँटच्या खिशात घालून हिंडतात. किलोभराचं लोखंड चार दिवसांनी कपाटात जातं, ३३५ ग्रॅम अंगावर राहतं. .४४ चं हलकं मॉडेल मुख्यतः अस्वलांच्या मुलखात भटकणाऱ्यांना लागतं. पाठीवर सामान असताना कंबरेला एक किलो आणखी नको वाटतं. त्या लोकांच्या दृष्टीनं हिशेब चुकीचा नाही.

आपला हिशेब वेगळा आहे. इथं ज्याच्याकडं परवाना आहे तो बहुतेक वेळा गाडीतून फिरतो आणि हत्यार कंबरेच्या होल्स्टरमध्ये असतं. त्याला सातशे ग्रॅमचं ओझं नाही. माझं स्पष्ट मत विचाराल तर कोल्हापुरात हलकेपणासाठी जास्तीचे पैसे मोजू नयेत. ते काडतुसांवर आणि सरावावर घालावेत.

राधानगरी-चंदगडकडं शेत आहे. गव्यासाठी मोठ्या बोअरचं रिव्हॉल्व्हर बरं नाही का?

हा प्रश्न अलास्काच्या अस्वलांचे व्हिडिओ बघून येतो. पूर्ण वाढलेला नर गवा हजार किलोच्या आसपास जाऊ शकतो. त्याच्यासमोर .३२ म्हणजे नुसता आवाज, आणि जखमी गवा हा न दुखावलेल्या गव्यापेक्षा कितीतरी वाईट. शिवाय गवा आणि हत्ती दोन्ही वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड पट्ट्यात पीक संरक्षणाचे परवाने आहेत, ते बाराबोअरच्या बंदुकीचे, आणि तेही हुसकावण्यापुरते. गवा उसात शिरला तर लांब राहा, वन खात्याला फोन करा, आणि नुकसानीचा पंचनामा करून घ्या. भरपाई तिथून मिळते, रिव्हॉल्व्हरमधून नाही.

.३२ पुरेसा आहे का?

.३२ लाँग हे १८९६ सालचं काडतूस. सव्वासहा-साडेसहा ग्रॅमची गोळी, सेकंदाला सव्वादोनशे मीटरच्या आतबाहेर वेग. मॅग्नमच्या मानानं दुबळं आहे, यात शंका नाही. पण ते कमालीचं अचूक आहे. पंचवीस मीटर सेंटर फायर स्पर्धेत जगभरचे नेमबाज ते वापरत आले, ते उगाच नाही. पाच मीटरवर जिथं हवी तिथं बसलेली .३२ ही भिंतीत गेलेल्या .४४ पेक्षा उपयोगाची. "पॉवर"वर तासभर वाद घालणाऱ्या गड्याच्या हातात टार्गेट पेपर दिला की चर्चा बहुधा आपोआप संपते.

रेंजवर नेम लागत नाही, गोळ्या खाली-डावीकडं जातात. हत्यारात दोष आहे का?

उजव्या हाताच्या माणसाच्या गोळ्या तिकडं जात असतील तर दोष बहुतेक बोटात आहे. रिव्हॉल्व्हरचा चाप घोडा न चढवता ओढायला पाच किलोच्या आसपास जोर लागतो. हत्यार अर्ध्या किलोचं, चाप पाच किलोचा. साहजिकच बोट हत्यारालाच ओढून नेतं. हलक्या मॉडेलची खरी अडचण धक्क्याच्या आधी इथंच सुरू होते.

उपाय रटाळ आहे. हत्यार रिकामं असल्याची दोनदा खात्री करा, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा, नकली काडतुसं भरा, नळीवर, टोकाजवळ, रुपयाचं नाणं ठेवा आणि ते न पडता चाप पूर्ण ओढा. सलग, एका लयीत, मध्ये न थांबता. .२२ च्या हत्यारात नकली काडतुसाशिवाय हे करू नका. त्यात फायरिंग पिन काडतुसाच्या कडेवर आपटते, काडतुसाचं घर रिकामं असलं तर ती थेट पोलादावर बसते.

पकड जितकी वर घेता येईल तितकी वर घ्या. दुसऱ्या हाताचं बोट किंवा अंगठा मात्र सिलिंडर आणि नळी यांच्यामधल्या फटीजवळ कधीही नको. बार उडताना तिथून तापलेला वायू आणि शिशाचे कण आडवे बाहेर पडतात. मॅग्नममध्ये ते बोट फाडतात, .३२ मध्येही चांगलं भाजतं.

सराव कुठं करायचा?

रेंजवरच. परवाना असला म्हणून मळ्यातल्या विहिरीकडं तोंड करून बार काढता येत नाहीत. शहरात दुधाळीचं रेंज आहे. रायफल क्लबचं सदस्यत्व घ्या आणि स्वतःचं हत्यार, त्याचा बोअर तिथं चालतो का हे आधी विचारा. या गावाला नेमबाजीची परंपरा आहे. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला विश्वविजेती झाली, राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण आणलं, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्य मिळवलं. म्हणजे शिकवणारी माणसं गावात आहेत. राहीचं स्पोर्ट पिस्तूल आणि तुमचं आखूड नळीचं रिव्हॉल्व्हर यांत फरक खूप, पण चाप ओढायची शिस्त तीच.

कानाला मफ आणि डोळ्यांना चष्मा नसेल तर रेंजवर उभं राहू नका. आखूड नळीचा आवाज १५० डेसिबलच्या वर जातो. सरावानंतर हात धुतल्याशिवाय वडापावला हात लावू नका, बोटांवर शिसं असतं.

परवाना कसा मिळतो?

कोल्हापूरला पोलीस आयुक्तालय नाही, त्यामुळं परवाना देणारे अधिकारी जिल्हाधिकारी. अर्ज ऑनलाइन भरून नागाळा पार्कातल्या जिल्हाधिकारी कार्यालयात कागद द्यायचे. वय किमान २१ हवं. शस्त्र नियम २०१६ प्रमाणं वैद्यकीय दाखला आणि हत्यार हाताळण्याचं प्रशिक्षण घेतल्याचा दाखला लागतो. मग तुमच्या हद्दीतलं ठाणं, शाहूपुरी असो वा जुना राजवाडा, चौकशी करून अहवाल पाठवतं. अर्जात "जिवाला धोका" एवढंच लिहू नका. धमकीची तक्रार, रोख ने-आणीचे पुरावे, व्यवसायाचे कागद जोडा. परवाना पाच वर्षांचा असतो आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात.

नाकारला तर कारण लेखी मागा. अपील पुण्याला विभागीय आयुक्तांकडं करता येतं. कुणी एजंट "साहेबांशी बोलणं झालंय" म्हणून पैसे मागत असेल तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

परवाना असताना कुठं न्यायचं नाही?

आधी परवान्यावरची हद्द वाचा. महाराष्ट्रापुरता परवाना असेल तर कागलच्या पुढं कोगनोळीला, कर्नाटकाच्या हद्दीवर, तो संपतो. निपाणीला पाहुण्यांकडं किंवा बेळगावला बाजाराला जाताना कंबरेला हत्यार राहिलं, तर तिकडं तुम्ही विनापरवाना आहात. चंदगडकडच्या लोकांचा तर निम्मा व्यवहार बेळगावशी. त्यांनी हे रोजच ध्यानात ठेवायचं.

जत्रा, धार्मिक मिरवणूक, सभा, शाळा-कॉलेजचं आवार इथं हत्यार नेणं परवान्याच्या अटींत बसत नाही. म्हणजे चैत्रातली जोतिबाची यात्रा, दसरा चौकातलं सोनं लुटणं, शिवजयंतीची मिरवणूक, सगळीकडं घरी ठेवून जायचं. अंबाबाईच्या दर्शनालाही. रस्त्यावर ते होल्स्टरमध्येच हवं. नुसतं खिशात किल्ल्या आणि नाण्यांबरोबर टाकणं हा बेकायदा प्रकार तर आहेच, शिवाय किल्ली चापात अडकली की पायाला भोक.

वरातीत एखादा हवेत बार?

नाही. दोन वर्षांपर्यंत कैद, लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. परवाना जातो तो वेगळा. नाद खुळा करायचा तर हलगी वाजवा.

निवडणुकीत हत्यार जमा करावंच लागतं का?

आचारसंहितेत जिल्ह्याची छाननी समिती ठरवते. नोटीस आली की ठाण्यात जमा करा आणि पावती घ्या. पावती नीट जपा, परत घेताना तीच लागते.

हल्ला झाला तर कायदा काय म्हणतो?

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. खासगी बचावाचा हक्क कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. जीव जाईल किंवा गंभीर इजा होईल अशी रास्त भीती असेल, अपहरण किंवा बलात्काराचा हल्ला असेल, तर बचावात हल्लेखोराचा जीव गेला तरी हक्काला धरून मानलं जातं. पण बचाव गरजेपुरताच, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्क उरत नाही. पाठ फिरवून पळणाऱ्या चोरावर गोळी झाडली तर न्यायालयात उभं राहाल ते आरोपी म्हणून. बांधावरून भाऊबंदांशी वाजलं म्हणून रिव्हॉल्व्हर "फक्त दाखवलं", हाही बचाव नाही. आपल्या भागात परवाने जास्त याच पायी जातात.

घरात कसं ठेवायचं?

कुलूपबंद, रिकामं, काडतुसं वेगळी. मुलांना कपाटाची किल्ली कुठं असते ते माहीत असतं, म्हणून किल्ली अंगावर. घरात कुणी फार निराश असेल, दारूत बुडालं असेल, तर हत्यार काही काळ परवानाधारक विक्रेत्याकडं किंवा ठाण्यात जमा करा. हा सल्ला लोकांना आवडत नाही, तरी देतो.

पावसाळ्यात चामड्याच्या होल्स्टरमध्ये हत्यार ठेवून देऊ नका. चामडं ओल धरतं आणि आठ दिवसांत पोलादावर तांबूस ठिपके दिसतात. पुसून, तेलाचा पातळ हात फिरवून कोरड्या कापडात ठेवा. टायटॅनियमचा सिलिंडर असेल तर घासणारी पावडर किंवा तारेचा ब्रश वापरू नका. वरचा थर गेला की आतला धातू तापलेल्या वायूनं झिजतो.

पंचगंगेच्या पूररेषेत राहणाऱ्यांनी २०१९ आणि २०२१ विसरू नये. घर सोडताना हत्यार आणि परवाना दोन्ही सोबत. वाहून गेलं किंवा हरवलं तर लगेच ठाण्यात लेखी कळवा. नंतर ते कुठल्या गुन्ह्यात सापडलं तर आधी तुमचंच दार वाजेल.

परवान्याला वेळ लागतोय, तोवर गावठी कट्टा?

विनापरवाना हत्याराला किमान दोन आणि जास्तीत जास्त पाच वर्षं कैद आहे. आणि कट्ट्याची नळी पाण्याच्या पाइपाची असते, ती पुढच्या माणसाआधी तुमची बोटं नेते.

जुनं रिव्हॉल्व्हर दुसऱ्या परवानाधारकाकडून घेताना काय बघावं?

हत्यार रिकामं असल्याची खात्री करून घोडा हळू चढवा. सिलिंडर खट्ट होऊन जागेवर बसला पाहिजे, बोटानं हलवला तर डुगडुगता कामा नये. सहाही घरांना हे करा, एखादंच घर ढिलं असतं. सिलिंडर आणि नळीमधली फट उजेडाकडं धरून बघा. त्या फटीच्या वर फ्रेमला खोल चर पडली असेल तर हत्यार खूप वापरलंय. नळीत आतून उजेड टाकून खड्डे आहेत का पाहा. जुन्या, मोडून भरायच्या प्रकारात बिजागरी खिळखिळी आहे का ते बघा, आणि अशा हत्यारात घोड्याखालचं घर रिकामं ठेवायची जुनी पद्धत पाळा.

विकणाऱ्यानं जिल्हाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या ठाण्याला घेणाऱ्याचं नाव-पत्ता लेखी कळवायला हवं, आणि त्यानंतर ४५ दिवस उलटल्याशिवाय हत्यार हातात द्यायचं नाही. घाई करणारा विक्रेता भेटला तर त्या अर्जाची पोचपावती मागा. ती नसेल तर व्यवहार तिथंच थांबवा.